दोन पात्यांचे गाव : चढ-उताराच्या आजारासोबतचे जगणे

देवास हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांना एका विलक्षण व्यवस्थेसाठी ठाऊक आहे. पवार घराण्यातील तुकोजीराव आणि जिवाजीराव या दोघा भावांना अठराव्या शतकात माळव्यात जो मुलूख मिळाला, त्याची पुढे दोन राज्ये झाली. थोरली पाती आणि धाकटी पाती. राजे दोन, दरबार दोन, कचेऱ्या दोन. राजधानी मात्र एकच. एकाच गावात काही भागांवर एका राजाचा अंमल तर लगतच्या भागांवर दुसऱ्याचा, आणि गावकऱ्याने दोघांचीही मर्जी सांभाळायची. शेजारचे धारचे पवारही याच कुळातले. तेथे मात्र गादी एकच राहिली. १९४८ साली ही तिन्ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली आणि दोन राजांच्या गावाची ही गोष्ट जुन्या माणसांच्या बोलण्यापुरती उरली.

ज्या आजाराविषयी येथे बोलावयाचे आहे, त्याची ओळख करून देण्यास देवासइतका सोयीचा दाखला दुसरा सापडणार नाही. एकाच मनावर आळीपाळीने दोन सत्तांचा अंमल बसतो, असा हा आजार आहे. पूर्वी त्याला उन्माद-अवसादाचा आजार म्हणत. आता द्विध्रुवीय विकार किंवा सरळ बायपोलर म्हणतात. पहिल्या सत्तेच्या अमलात माणसाला झोपेची गरज वाटेनाशी होते आणि तरीही थकवा येत नाही. बोलणे भरभर, कल्पनांची रीघ, हातात येईल तो पैसा खर्च, नसलेल्या धंद्यासाठी कर्ज, आणि कोणी अडवले तर संताप. दुसऱ्या सत्तेच्या अमलात तोच माणूस अंथरुणातून उठू शकत नाही. अन्नाला चव नसते, केलेल्या-न केलेल्या सर्व गोष्टींचा अपराध डोक्यावर बसतो आणि मरणाचे विचार येऊ लागतात.

पण हा दाखला एका जागी अपुरा पडतो आणि तीच जागा महत्त्वाची आहे. देवासात तिसरी सत्ता नव्हती. या आजारात ती असते. चढ आणि उतार यांच्यामध्ये जो काळ असतो, कधी महिन्यांचा तर कधी वर्षांचा, त्या काळात माणूस नोकरी करतो, मुलांना शाळेत पोहोचवतो, लग्नकार्यात पंगती वाढतो. हा मधला काळ प्रत्येक वेळी अगदी निर्मळ असतो असे नाही, थोडी मरगळ मागे राहते. पण जगणे म्हणून जे काही आहे ते बहुतांशी येथेच घडते. भोवतालच्या लोकांना मात्र आठवतात ती फक्त दोन टोके. ‘त्याला अधूनमधून होते’ असे जे सांगितले जाते, त्यात ‘होते’ एवढेच ऐकले जाते आणि ‘अधूनमधून’ हा शब्द कोणी ऐकत नाही. या आजारासह नीट जगणे म्हणजे त्या मधल्या काळाची राखण करणे.

भाषेच्या अंगानेही थोडे पाहिले पाहिजे. मराठीत ‘वेड’ हा शब्द फार सैल हाताने वापरला जातो. गाण्याचे वेड, पुस्तकांचे वेड हे कौतुकाचे; आणि ‘वेड लागले’ हे घर मोडणारे. एकाच शब्दात गौरव आणि कलंक दोन्ही असल्यामुळे आरंभीचा चढ घरच्यांच्या लक्षात येत नाही. मुलगा रात्रभर जागून काहीतरी लिहितो आहे, चार माणसांचे काम एकटा करतो आहे, हे पाहून आईवडील सुखावतात. चरकसंहितेत उन्मादाला निदानस्थानात आणि चिकित्सास्थानात स्वतंत्र अध्याय दिलेले आहेत, म्हणजे आपल्या वैद्यकाने हा विषय पूर्वीच गंभीरपणे घेतला होता; बोलीने तो तितका गंभीरपणे घेतला नाही. माळव्यातील मराठी कुटुंबांची आणखी एक अडचण आहे. दुखणे घरात मराठीत घडते आणि डॉक्टरांना हिंदीत सांगावे लागते. ‘आतून पोखरल्यासारखे होते’, ‘जिवाची नुसती तगमग होते’ ही वाक्ये दवाखान्याच्या दारात ‘घबराहट’ या एका शब्दात कोंबली जातात. शिवाय बहुतेक जण डॉक्टरांकडे जातात ते उताराच्या काळात. चढाचा काळ हा आजार होता हे त्यांना वाटतच नाही, म्हणून तो सांगितला जात नाही. परिणामी केवळ नैराश्याचे औषध सुरू होते, आणि अशा औषधाने एकट्याने काही रुग्णांत उन्माद उसळण्याचा धोका असतो. चढाची हकिगत सांगणारे घरचे कोणीतरी सोबत हवे, ते यासाठी.

आता पुन्हा १९४८ कडे वळू. ज्या वर्षी देवासच्या दोन्ही पात्या संपल्या, त्याच वर्षी कुमार गंधर्व देवासला राहावयास आले. बेळगावजवळच्या सुळेभावीचा हा मुलगा, वयाच्या दहा-अकराव्या वर्षी मैफली गाजवलेला, मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे शिकलेला. त्यांना क्षय झाला होता आणि माळव्याची कोरडी हवा मानवेल म्हणून ते येथे आले. पुढची सुमारे पाच वर्षे अंथरुणात गेली. डॉक्टरांनी गाणे बंद करण्यास सांगितले होते. गाणाऱ्याला गाणे बंद, याहून मोठी शिक्षा कोणती? पत्नी भानुमतीबाईंनी त्यांची शुश्रूषा केली. स्ट्रेप्टोमायसिन हे तेव्हा नवे असलेले औषध मिळाले, आजार आटोक्यात आला, एक फुप्फुस मात्र कायमचे निकामी झाले. १९५३ च्या सुमारास ते पुन्हा गाऊ लागले आणि १२ जानेवारी १९९२ रोजी देवासलाच निधन होईपर्यंत गात राहिले.

ही हकिगत नेहमी एका विशिष्ट पद्धतीने सांगितली जाते. आजारपणात खिडकीतून माळव्याची लोकगीते कानावर पडली, त्यातून नवे संगीत जन्मले. श्वास तोकडा झाला म्हणून छोट्या, झेपावणाऱ्या स्वरावलींची गायकी घडली. म्हणजे जणू आजारच गुरू ठरला. लोकगीतांचा अभ्यास खरा आहे आणि तो फार मोलाचा आहे. पण आजाराला श्रेय देण्याची ही घाई तपासून पाहावी. क्षयाने त्या काळी असंख्य माणसे गेली, त्यांतील एकालाही त्याने गाणे शिकवले नाही. कुमारजींना वाचवले ते औषधाने, विश्रांतीने, शुश्रूषा करणाऱ्या हातांनी आणि बंदी पाळण्याच्या त्यांच्या स्वतःच्या निग्रहाने. जे फुप्फुस उरले त्याचा हिशेब ठेवून त्यांनी पुढची चार दशके गाण्याची आखणी केली. आजाराने त्यांना मर्यादा दिली. त्या मर्यादेत काय करावयाचे हे त्यांनी ठरवले.

मनाच्या आजाराबाबत तर हा गोड गैरसमज अधिकच घातक ठरतो. प्रतिभा आणि वेड यांचे नाते सांगणाऱ्या लेखांचा सुकाळ आहे. ते वाचून एखादा तरुण औषध सोडतो, कारण त्याला वाटते की गोळीबरोबर आपली कविताही जाईल. चढाच्या काळात लिहिलेली पाने पुढे शांतपणे वाचली, तर त्यांतली किती टिकतात, हे त्यालाच विचारावे.

योगायोग असा, की या आजाराचे औषधही १९४८ चेच. ऑस्ट्रेलियातील मेलबर्नजवळच्या बुंडूरा येथील रुग्णालयात जॉन केड नावाचे मनोविकारतज्ज्ञ होते. दुसऱ्या महायुद्धात ते जपान्यांच्या कैदेत चांगीच्या छावणीत होते. परतल्यावर उन्मादाच्या रुग्णांच्या मूत्रात काही विषारी द्रव्य असावे असा तर्क करून ते गिनीपिगांवर प्रयोग करीत होते. युरिक आम्ल विरघळावे म्हणून त्यांनी लिथियमचा क्षार वापरला आणि प्राणी शांत झाले. मूळ तर्क चुकीचा होता, हाती लागले ते मात्र खरे निघाले. त्यांनी लिथियम आधी स्वतः घेऊन पाहिले आणि मग १९४८ च्या मार्चमध्ये एका रुग्णाला दिले. एक्कावन्न वर्षांचा, पाच वर्षे सतत उन्मादात असलेला, सर्वांनी आशा सोडलेला माणूस. जुलैत तो घरी गेला, आपल्या जुन्या कामावर रुजू झाला. १९४९ मध्ये केड यांनी हा वृत्तान्त प्रसिद्ध केला.

वैद्यकाच्या पुस्तकांत ही गोष्ट बहुधा येथेच थांबते. ती पुढे आहे. तो माणूस बरा वाटू लागल्यावर औषधाकडे दुर्लक्ष करू लागला, काही महिन्यांत आजार उलटला, त्याला पुन्हा रुग्णालयात आणावे लागले. औषध पुन्हा सुरू झाले, पण रक्तातील त्याचे प्रमाण मोजण्याची सोय तेव्हा रूढ नव्हती, आणि १९५० मध्ये लिथियमच्याच विषबाधेने तो दगावला. त्या एका माणसाच्या दोन वर्षांत या आजाराचा जवळजवळ सगळा व्यवहार सामावलेला आहे : औषध लागू पडते, ते सोडले की आजार परततो, आणि बेहिशेबी घेतले तर तेच मारते. पुढे डेन्मार्कमध्ये मोगेन्स शू यांनी १९५४ पासून पद्धतशीर चाचण्या घेऊन या औषधाला प्रतिष्ठा दिली. त्यांच्या सख्ख्या भावाला अवसादाचे झटके वारंवार येत आणि लिथियमने तो सावरला. या चिकाटीमागे ते घरचे दुःख होते. अमेरिकेने या औषधाला मान्यता दिली ती १९७० मध्ये. आज इतरही औषधे आहेत, आणि कोणते कोणाला द्यावे हा डॉक्टरांचा प्रश्न आहे. व्हॅल्प्रोएट हे त्यांपैकी एक गर्भाला अपायकारक ठरू शकते, म्हणून तरुण स्त्रियांच्या बाबतीत ही गोष्ट आधीच बोलून घ्यावी. पण आवर्तने टाळण्यात आणि आत्महत्येचा धोका कमी करण्यात लिथियमचे स्थान अजून टिकून आहे.

लिथियम हा शेवटी एक क्षार आहे आणि शरीर त्याला मिठाच्या भावाने वागवते. अंगातले पाणी आणि मीठ कमी झाले की मूत्रपिंडे लिथियम धरून ठेवतात आणि रक्तातले प्रमाण चढते. गुणकारी प्रमाण आणि विषारी प्रमाण यांत अंतर फार थोडे. हे कळले की माळव्यातल्या माणसाला आपले पंचांगच नव्या नजरेने पाहावे लागते. मेमधली लू, तिच्यात दुपारी केलेला प्रवास, लग्नाच्या जेवणानंतरचे जुलाब. यांपैकी कोणत्याही कारणाने प्रमाण बिघडू शकते. हरतालिकेचा निर्जळ उपवास आपल्या घरांत मुली लहानपणापासून करतात. लिथियम घेणाऱ्या स्त्रीने तो निर्जळ करू नये, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी तिला तसे आपण होऊन सांगावे, म्हणजे तिला कारण सांगत बसावे लागणार नाही. रक्तदाबासाठी कोणी मीठ एकाएकी तोडावयास सांगितले, तर आधी मनोविकारतज्ज्ञांना विचारावे. गुडघेदुखीवर दुकानातून परस्पर आणलेल्या डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनसारख्या गोळ्याही हे प्रमाण वाढवतात. हात जोराने थरथरणे, तोल जाणे, बोलणे अडखळणे, सतत उलट्या, ही लक्षणे दिसताच रात्र न काढता दवाखाना गाठावा. रक्ताची तपासणी, शिवाय थायरॉइड व मूत्रपिंडांची तपासणी, ठरलेल्या मुदतीने करावी लागते. दवाखान्याची ही फेरी त्रासाची खरी. पण केड यांच्या रुग्णाला ती मिळाली नव्हती.

दुसरी राखण झोपेची. पुष्कळ रुग्णांत चढाची पहिली खूण हीच असते की माणूस तीन-चार तास झोपतो आणि ताजातवाना उठतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे जागरण ही नुसती खूण राहत नाही, ते कारणही होऊ शकते. आपला सारा सांस्कृतिक व्यवहार तर रात्रीचा आहे. नवरात्रात देवासच्या टेकडीवर तुळजाभवानी आणि चामुंडेच्या दर्शनाला रात्रभर रीघ असते. गणेशोत्सवाची मिरवणूक, गोंधळ, लग्नाची वरात, परीक्षेच्या आदल्या रात्रीचा अभ्यास, आणि सर्वांत प्रिय अशी गाण्याची मैफल जी पहाटेच्या भैरवीखेरीज पुरी होत नाही. या आजाराच्या माणसाने हे सगळे सोडावे काय? सोडू नये. देवीचे दर्शन सकाळी घ्यावे, मैफलीचा पूर्वार्ध ऐकून उठावे. अर्ध्यावर उठणाऱ्याकडे आपल्याकडे रसिक मंडळी फार तुच्छतेने पाहतात. ती सवय थोडी कमी झाली तर बरे.

प्रश्न अवघड होतो तो पोटाचा. धार जिल्ह्यातील पीथमपूर आणि देवासची औद्योगिक वसाहत येथे हजारो माणसे पाळीवर काम करतात. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी ही पद्धत निरोगी माणसालाही दमवते. या आजारात ती शरीराचे घड्याळ दर आठवड्याला मोडून टाकते. डॉक्टरांचे पत्र देऊन कायम दिवसपाळी मागावी, तर आजाराचे नाव व्यवस्थापनाला कळते; न मागावी, तर आजार उलटतो. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे आणि कामाच्या ठिकाणी वाजवी सोयींचा विचार त्यात केलेला आहे. पण कंत्राटी कामगाराला कायदा दाखवण्याची हिंमत कोठून यावी? या प्रश्नाचे उत्तर वैद्यकशास्त्राकडे नाही, आणि जो कोणी ‘नियमित झोप घ्या’ एवढे सांगून उठतो त्याने पीथमपूरची रात्रपाळी पाहिलेली नाही असे समजावे.

औषध सोडण्याचा मोह हा सर्वांत जुना शत्रू आहे. या बाबतीत केवळ अडाण्यांना दोष देण्यात अर्थ नाही. के रेडफिल्ड जॅमिसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्वतः या आजाराच्या अधिकारी अभ्यासक. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या विषयावरील प्रमाणग्रंथाच्या त्या सहलेखिका. १९९५ मध्ये त्यांनी आत्मकथन लिहून जगाला सांगितले की हा आजार आपल्याला स्वतःलाच आहे, आणि आपणही लिथियम घेण्यास वर्षानुवर्षे टाळाटाळ केली, मरणाच्या दारापर्यंत गेलो. चढाचे दिवस हरवल्याचे दुःख त्यांनी लपवले नाही. ते दुःख खरे असते. औषध घेणाऱ्याला ‘आता बरा झालास ना, मग हसत राहा’ असे म्हणणाऱ्यांना ते समजत नाही. नाडी मंद झाल्यासारखी वाटते, जग फिके वाटते, आणि या फिकेपणाची सवय व्हावयास काळ जातो. मात्रा कमी-जास्त करून पुष्कळदा हा त्रास कमी करता येतो. त्यासाठी तो डॉक्टरांना सांगावा लागतो, गोळी गुपचूप कुंडीत टाकून भागत नाही.

येथे घरच्यांची भूमिका नाजूक होते. चढ सुरू झाला की रुग्णाला तो दिसत नाही, सांगणारा शत्रू वाटतो. म्हणून करार शांत काळात करून ठेवावा. पाच-सात खुणा कागदावर लिहाव्यात : झोप किती तासांच्या खाली गेली की, खर्च किती रुपयांच्या वर गेला की, दिवसातून किती फोन झाले की कोणी बोलावयाचे. ‘कोणी’ हे माणूस रुग्णाने निवडलेले असावे. ते बहुधा पत्नी किंवा आई नसलेलेच बरे, कारण त्या आधीच रोजच्या पहाऱ्याने थकलेल्या असतात आणि प्रत्येक हसण्यात त्यांना चढ दिसू लागतो. माणसाला साधा आनंदही होऊ शकतो हे घराने विसरता कामा नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अशा शांत काळातल्या शब्दाला वजन दिले आहे. आजार बळावल्यास आपल्यावर कोणते उपचार व्हावेत, कोणते होऊ नयेत, आणि आपल्या वतीने कोणी बोलावे, हे आगाऊ लिहून ठेवण्याचा हक्क त्यात आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला शिक्षेऐवजी मदत मिळावी, अशीही दिशा त्या कायद्याने दिली.

लग्नाचा प्रश्न तर मराठी घरांत हमखास येतो आणि तो लपवून सोडवला जातो. लपवणूक उघडकीस आली की विश्वास जातो आणि त्या धक्क्यानेच आजार उलटतो. दुसऱ्या बाजूने, नुसते आजाराचे नाव निघाले की संसार मोडावा, असाही कायद्याचा अर्थ नाही. १९८८ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की घटस्फोटासाठी मनोविकाराचे नाव पुरेसे नाही. तो विकार सहजीवन अशक्य करण्याइतका तीव्र आहे काय हे पाहिले पाहिजे. सांगून केलेली लग्ने टिकलेली आहेत. सांगावे केव्हा? बोलणी पुढे सरकली की, आणि साखरपुड्याच्या आधी.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, ज्यात मध्य प्रदेशही होता, आयुष्यात केव्हातरी हा आजार होणाऱ्या प्रौढांचे प्रमाण हजारी सुमारे पाच निघाले, आणि त्यांपैकी सुमारे सत्तर टक्के उपचाराबाहेर होते. देवास शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत २ लाख ८९ हजारांच्या घरात होती. हिशेब मांडला तर एकट्या या शहरात अशी माणसे हजाराच्या आत-बाहेर निघतील. ती दिसत नाहीत. काही जण इंदूरला ‘दुसऱ्या कामासाठी’ जाऊन औषध आणतात. काहींना जावऱ्याच्या हुसेन टेकरीवर नेले जाते. तेथे सर्व धर्मांची माणसे येतात आणि श्रद्धेने काहींना धीरही मिळतो. त्याला नाके मुरडण्याचे कारण नाही, गोळ्यांची पुडी सोबत असली म्हणजे झाले. ज्यांना कोठेच जाता येत नाही त्यांच्यासाठी २०२२ च्या ऑक्टोबरपासून १४४१६ हा टेली-मानसचा विनामूल्य क्रमांक चालू झाला. रात्री-अपरात्री मरणाचा विचार आला, तर तो क्रमांक तरी फिरवावा, आणि घरातले एक माणूस जागे करावे.

ग्रंथालयाच्या दृष्टीने एक शेवटची गोष्ट. उतारात वाचन सर्वांत आधी जाते. ज्याने आयुष्यभर वाचले त्याला एक परिच्छेद पुरा होत नाही, ओळी डोळ्यांखालून सरकतात आणि अर्थ लागत नाही. कादंबरी परत करावयास तो येतो तेव्हा ती न वाचलेलीच असते. परतीच्या वाटेवर पुष्कळदा प्रथम वर्तमानपत्राचे मथळे येतात, मग छोट्या बातम्या, मग कधीतरी अग्रलेख. कादंबरी फार उशिरा येते. वाचनालयाच्या टेबलाशी बसून जो गृहस्थ महिनाभर फक्त मथळे वाचतो आहे, त्याला ग्रंथपालाने नवे पुस्तक पुढे करण्याची घाई करू नये. खुर्ची पंख्याखाली असावी आणि पाण्याचा माठ जवळ असावा, विशेषतः मेमध्ये.